कारणाचा रकाना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात एखादा अनोळखी इसम रस्त्यावर भ्रमिष्टासारखा वागताना आढळला, की पोलिस त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभा करीत आणि तेथून त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होत असे. त्याच्यासोबत जो छापील तक्ता जाई त्यात नाव, वय, धंदा यांच्याप्रमाणेच वेडाचे कारण नमूद करण्यासाठी एक रकाना असे. त्या बिचाऱ्याचे गाव ठाऊक नाही, नातलग जवळ नाहीत, पूर्वायुष्याची माहिती सांगणारा कोणी नाही. तरीही रकाना मोकळा ठेवणे बरे दिसत नसे, म्हणून त्यात पुष्कळदा ‘गांजा’ हा एक शब्द लिहून तक्ता पुढे धाडला जाई. इस्पितळाचा कारकून तोच शब्द आपल्या दप्तरात उतरवून घेई, वर्षअखेरीस त्या शब्दांची बेरीज होई, ती सरकारी अहवालात छापली जाई, आणि हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरून गेली आहेत, अशी हाकाटी विलायतेपर्यंत पोहोचे.

पुढे एका चौकशी आयोगाने या रकान्याची झडती घेतली. तिच्याकडे मी यथाक्रम येणारच आहे. परंतु आरंभीच तिचे स्मरण केले ते अशासाठी, की गांजा आणि आरोग्य यांच्या संबंधाविषयी गेल्या पावणेदोनशे वर्षांत जे संशोधन झाले, त्याच्या वाटेत हा आधीच भरलेला रकाना वारंवार आडवा आला आहे. पूर्वी रोगाच्या कारणापुढे न तपासता गांजाचे नाव लिहीत. आता कर्करोग, मधुमेह, संधिवात, निद्रानाश अशा वाटेल त्या व्याधीच्या उपायापुढे तेच नाव तितक्याच घाईने लिहिले जाते, आणि त्या झाडाच्या तेलाच्या लहान कुप्या टपालाने घरपोच येतात. दोन्ही लेखण्या बाजूला ठेवून प्रत्यक्ष काय सिद्ध झाले आहे ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या वनस्पतीच्या पानांची भांग, मादी झाडाच्या चिकट फुलोऱ्याचा गांजा आणि त्या फुलोऱ्यावरील राळेचा चरस, हा भेद आपल्याकडे खेड्यापाड्यांतही ठाऊक असतो, आणि तो शास्त्रदृष्ट्या महत्त्वाचा आहे. कारण मादक द्रव्य पानांत थोडे, फुलोऱ्यात अधिक व राळेत सर्वाधिक असते. आपल्या वैद्यांना ही वनस्पती परकी नव्हती. शार्ङ्गधरसंहितेने भांगेला अफूच्या पंक्तीस बसवून ‘व्यवायी’, म्हणजे पचन होण्याच्या आधीच सर्वांगात भिनणारे द्रव्य, असे म्हटले आहे. ग्रहणीच्या विकारावर दिल्या जाणाऱ्या जातिफलादि चूर्णात ती आहे. आणि स्वतंत्र भारताच्या औषधविषयक नियमांतही विषारी द्रव्यांच्या परिशिष्टात तिचे नाव असून, ती घातलेले आयुर्वेदीय औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. तुळशीत भांग आणि भांगेत तुळस, असे आपण माणसांविषयी म्हणतो. या झाडाविषयी तर ते अक्षरशः खरे आहे.

पाश्चात्य वैद्यकाला या द्रव्याची शास्त्रशुद्ध ओळख करून देण्याचे श्रेय एका आयरिश डॉक्टराकडे जाते, आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा एडिंबरो येथे वैद्यकाची पदवी घेतलेला तरुण, विलायतेत 1831 साली पटकीची साथ आली तेव्हा रोग्यांच्या रक्ताचे पृथक्करण करून त्यातील पाणी व क्षार नाहीसे होतात हे दाखविणारा. आज ज्याला आपण ‘सलाईन लावणे’ म्हणतो त्या उपचाराचा पाया त्याच्या या निरीक्षणात आहे. कंपनी सरकारच्या नोकरीत तो कलकत्त्यास आला, तेथील नव्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा अध्यापक झाला आणि बाजारात उघड विकल्या जाणाऱ्या गांजाकडे त्याचे लक्ष गेले. त्याने लोकांच्या ऐकीव गोष्टी निमूटपणे स्वीकारल्या नाहीत व त्या तुच्छतेने उडवूनही लावल्या नाहीत. संस्कृत व फारसी ग्रंथांतील उल्लेख त्याने जाणत्यांकडून समजून घेतले; ज्यांनी शवविच्छेदन करून सनातनी समाजाचा रोष पत्करला होता ते पंडित मधुसूदन गुप्त या कामी त्याचे एक सहायक होते. त्यानंतर त्याने प्राण्यांवर प्रयोग केले. नेपाळी चरसाची मात्रा दिलेला कुत्रा सुस्तावला, झोकांड्या खाऊ लागला, अधाशासारखा खाऊ लागला, आणि सहा तासांत पूर्ववत झाला. मांसाहारी प्राण्यांना जेवढी नशा चढते तेवढी घोडा, बकरी, गाय यांना चढत नाही, हेही त्याने टिपून ठेविले.

मग त्याने हे औषध रोग्यांना दिले, आणि जे घडले ते 1839 साली बंगालच्या वैद्यकीय मंडळापुढे मांडले. संधिवाताच्या काही रोग्यांच्या वेदना कमी झाल्या, त्यांची भूक वाढली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने जलसंत्रास झालेला एक रोगी वाचला नाही. पण ज्याला पाण्याच्या दर्शनाने झटके येत होते त्याला अखेरच्या दिवसांत घोटभर रस आणि दोन घास भात घेता आला, आणि असाध्य रोगात यातना हलक्या करणे हेही वैद्याचे कर्तव्यच आहे, अशी त्याची भूमिका होती. धनुर्वातावर त्याला बरेच यश आले. परंतु या निबंधातील ज्या प्रकरणाकडे आजचा वाचक थबकतो ते एका चाळीस दिवसांच्या मुलीचे आहे. तिला आचक्यांमागून आचके येत होते आणि जवळचे सर्व उपाय थकले होते. त्याने गांजाच्या मद्यार्कातील टिंक्चरचा एकच थेंब तिच्या जिभेवर ठेविला. परिणाम दिसेना तेव्हा दीड तासाने आणखी दोन थेंब दिले. मूल झोपी गेले, उठल्यावर भुकेने रडले, आईचे दूध प्याले आणि पुन्हा झोपले. मध्यंतरी आचके उलटलेही. परंतु त्याने निबंध लिहून संपविला तेव्हा ते मूल गुटगुटीत व आनंदी होते. एका मुलाच्या बरे होण्याने औषध सिद्ध होत नाही, हे खरे; तरी या मुलीला वाचकाने लक्षात ठेवावे.

ओशॉनेसी विलायतेस परतला तो या औषधाचा साठा घेऊनच. लंडनमधील पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने त्याचा अर्क तयार केला आणि पुढील पन्नास-साठ वर्षे तो युरोप-अमेरिकेतील दवाखान्यांत वेदना, आचके, अर्धशिशी यांवर दिला जात होता. स्वतः ओशॉनेसी पुन्हा हिंदुस्थानात येऊन तारायंत्राच्या कामाला लागला, आणि कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे तारेने जोडणारा माणूस म्हणूनच इतिहासाने त्याला अधिक ओळखले.

विलायतेतील नीतिसुधारकांच्या आग्रहावरून 1893 साली हिंदुस्थान सरकारने नेमलेला ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ हा आयोग म्हणजे या विषयाच्या इतिहासातील दुसरा टप्पा. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते व सात सभासदांपैकी तिघे हिंदी होते. आयोगाने प्रांतोप्रांती फिरून 1,193 साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले, आणि त्याहून मोलाची गोष्ट अशी की, वेड्यांच्या इस्पितळांच्या छापील आकड्यांवर विश्वास न ठेवता मूळ दप्तरे मागविली. तेव्हा तक्ते कसे भरले जात ते उघडकीस आले. 1892 साली दाखल झालेल्या 1,344 रोग्यांची प्रकरणे एकेक करून तपासली असता, गांजा-भांग हे वेडाचे एक कारण असू शकेल असे ज्यांच्याविषयी वाजवीपणे म्हणता येईल असे रोगी अवघे 98 निघाले. मर्यादित सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने शरीर व मन दोन्हींची हानी होते, क्वचित वेडही लागते, आणि सरसकट बंदीपेक्षा कर व परवाना यांनी नियंत्रण ठेवावे, असा निष्कर्ष आयोगाने 1894 साली दिला. परकीय सरकारला अबकारीच्या उत्पन्नाची चाड होती, हे विसरता येत नाही, आणि त्या काळच्या वैद्यकाची साधनेही तोकडी होती. तथापि आकड्याच्या मुळाशी जाऊन तो कोणी, कशावरून लिहिला हे विचारण्याची जी शिस्त या आयोगाने दाखविली, ती मला आजही अनुकरणीय वाटते.

एवढे होऊनही विसाव्या शतकात हे औषध पाश्चात्य औषधकोशांतून हळूहळू गळाले. कायद्याचा धाक हे त्याचे एक कारण. परंतु डॉक्टरांची खरी अडचण वेगळीच होती. गांजाचा सक्रिय भाग पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो मॉर्फीनसारखा सुईने टोचता येईना. शिवाय एका बाटलीतील दहा थेंब निष्प्रभ, तर दुसरीतील दहा थेंबांनी रोगी बेशुद्धप्राय, असा अनुभव येई. अफूतून मॉर्फीन 1800 च्या आगेमागेच वेगळे निघाले होते. गांजातील सार कोणते, हे मात्र कोणालाच नक्की सांगता येत नव्हते.

ते काम इस्राएलमध्ये झाले. रेहोव्होत येथील वाइझमन संस्थेतील राफाएल मेशुलाम या तरुण रसायनशास्त्रज्ञाने पोलिसांनी जप्त केलेला पाच किलो लेबनानी चरस मागून आणला, तोही सार्वजनिक बसने, आणि सहप्रवासी त्या वासाने चकित झाले, असे ते पुढे सांगत. 1963 साली कॅनाबिडायॉल, म्हणजे ज्याला आज सर्वत्र ‘सीबीडी’ म्हणतात, त्याची रचना त्यांनी उलगडली. आणि 1964 साली येखिएल गाओनी यांच्यासह ‘टीएचसी’ हे नशा आणणारे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करून दाखविले. ही दोन्ही द्रव्ये एकाच झाडाची. परमाणूंची संख्याही दोहोंत तीच. पण रचना जरा बदलल्याने एक बुद्धीला भ्रमवते आणि दुसरे तसे करीत नाही. आजची निम्मीअधिक गैरसमजूत या दोहोंना एकच मानण्यातून उद्भवते.

पुढे 1988 साली अमेरिकेत ॲलिन हॉलेट व विल्यम डेव्हेन यांनी मेंदूत टीएचसीला धरून ठेवणाऱ्या जागा असल्याचे दाखविले. या झाडासाठी निसर्गाने आपल्या मेंदूत आगाऊ सोय करून ठेवली असेल, हे संभवत नाही. तेव्हा शरीर स्वतःच तसले काही द्रव्य निर्माण करीत असले पाहिजे, असा तर्क निघाला, आणि 1992 साली डेव्हेन, हानुश व मेशुलाम यांना डुकराच्या मेंदूत ते सापडले. त्याचे नाव त्यांनी ‘आनंदामाइड’ ठेवले. त्यातील ‘आनंद’ हा आपलाच संस्कृत शब्द आहे. मज्जापेशींच्या व्यवहारात संदेश सामान्यतः एका दिशेने जातो. परंतु संदेश घेणारी पेशी अशा द्रव्यांच्या साहाय्याने धाडणाऱ्या पेशीला उलट निरोप पाठविते, की आता पुरे. हा ‘पुरे’चा निरोप भूक, वेदना, स्मृती, मळमळ, निद्रा अशा नाना व्यापारांत चालू असतो. बाहेरून आलेले टीएचसी हाच निरोप मेंदूभर एकाच वेळी, अवेळी आणि दीर्घकाळ पसरविते, म्हणून भूक खवळते, मळमळ थांबते, आणि त्याच वेळी बोलता बोलता माणूस आपले वाक्य कोठे सुरू झाले तेच विसरतो. श्वासोच्छ्वास चालविणाऱ्या भागात या जागा विरळ असल्यामुळे अफूच्या मात्रेप्रमाणे गांजाच्या मात्रेने श्वास बंद पडत नाही. परंतु लहान मुलाच्या पोटात तो गेल्यास जिवावर बेतू शकते, हे त्यास जोडूनच सांगितले पाहिजे.

आता त्या चाळीस दिवसांच्या मुलीकडे परत येऊ. साओ पाउलो येथील एलिसाल्दो कार्लिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली अपस्माराच्या मोजक्या रोग्यांवर सीबीडीचा प्रयोग प्रसिद्ध केला. औषध मिळालेल्या आठांपैकी चौघांच्या फिट जवळजवळ थांबल्या व तिघांना अंशतः आराम पडला. इतक्या स्पष्ट निर्देशानंतरही तीस-पस्तीस वर्षे मोठा प्रयोग झाला नाही. अखेर फिट येणाऱ्या मुलांच्या आईबापांनीच डॉक्टरांना हलविले. ड्राव्हे सिंड्रोम या नावाचा बालवयातील अपस्मार आहे. तो बहुधा एका जनुकाच्या दोषाने होतो, तापाबरोबर फिट येतात, त्या थांबता थांबत नाहीत, आणि बुद्धीची वाढ खुंटते. या रोगाच्या 120 मुलांवर व तरुणांवर अमेरिका व युरोपात झालेल्या सीबीडीच्या प्रयोगाचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. कोणाला खरे औषध व कोणाला निर्गुण द्रव, हे रोग्यास वा डॉक्टरास ठाऊक नव्हते. औषध घेणाऱ्यांच्या महिन्यातील फिटांचा मध्यक 12.4 वरून 5.9 वर आला. दुसऱ्या गटात तो 14.9 चा 14.1 झाला. काही मुलांना गुंगी, अतिसार झाला, यकृताच्या चाचण्या बिघडल्या, विशेषतः जी मुले व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरील औषध घेत होती त्यांच्या. जून 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘एपिडायोलेक्स’ या नावाने हे औषध मंजूर केले. कलकत्त्यातील त्या तीन थेंबांपासून येथवर 179 वर्षे गेली होती.

बाकीच्या उपयोगांचा निर्देश थोडक्यात करतो, कारण तेथे पुरावाही थोडका आहे. कर्करोगावरील रासायनिक उपचारांनी होणाऱ्या ओकाऱ्यांवर टीएचसीसारखी कृत्रिम द्रव्ये अमेरिकेत 1985 पासून मंजूर आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जारोगात स्नायू ताठरतात, त्यावर टीएचसी व सीबीडी यांचे मिश्रण असलेला तोंडात मारावयाचा फवारा अनेक देशांत दिला जातो. काचबिंदूत डोळ्यातील दाब खरोखरच उतरतो, पण तीन-चार तासच. म्हणजे दृष्टी राखण्यासाठी माणसाला अहोरात्र नशेत राहावे लागेल, आणि साध्या थेंबांनी जे काम होते त्यासाठी हा सौदा कोणताही नेत्रवैद्य करणार नाही. जुनाट वेदनांवर तज्ज्ञांतच मतभेद आहेत: अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी 2017 साली पुरावा पुरेसा मानला, तर वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2021 साली त्याची शिफारस करण्यास नकार दिला. कर्करोग बरा होतो हा दावा मात्र मी स्वच्छ शब्दांत नाकारतो. काचेच्या बशीतील पेशी मरणे आणि माणसाच्या देहातील गाठ विरघळणे यांत फार अंतर आहे, आणि त्या अंतरात उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात.

अपायाविषयीचे संशोधन तितक्याच आदराने वाचले पाहिजे. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या 45,570 तरुणांची पंधरा वर्षांची वाटचाल 1987 साली प्रसिद्ध झाली. भरतीपूर्वी पन्नासाहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळले. येथेही कारणाचा रकाना घाईने भरता कामा नये, कारण रोगाच्या अस्पष्ट पूर्वछायेनेच मुलगा गांजाकडे वळला असेल, किंवा दोहोंचे मूळ आनुवंशिकतेत असेल. या शंका गृहीत धरून आकडे पुन्हा तपासले तेव्हा जोखीम घटली, पण नाहीशी झाली नाही. युरोपातील अनेक शहरांच्या 2019 सालच्या अभ्यासात रोज ओढणाऱ्यांना मनोविकृतीचा धोका तिपटीहून अधिक, आणि तीव्र गांजा रोज ओढणाऱ्यांना सुमारे पाचपट दिसला. ‘तीव्र’ या शब्दावर मी भर देतो. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात टीएचसीचे प्रमाण 1995 साली शेकडा 4 च्या आसपास होते, ते 2014 साली 12 च्या आसपास गेले; तेव्हा आजोबा चिलीम ओढूनही ऐंशी वर्षे जगले, हा दाखला नातवाच्या कामाचा नाही. एकदा सेवन करणाऱ्यांपैकी सुमारे दहात एक जण त्याच्या अधीन होतो, आणि जो पौगंडावस्थेत आरंभ करतो त्याच्या बाबतीत हे प्रमाण सहात एक इतके चढते. मेंदूची घडण विशीच्या पुढेपर्यंत चालू असते. त्या काळात तो ‘पुरे’चा निरोप रोज विसकटणे यापेक्षा अविचाराची गोष्ट मला सुचत नाही.

आपल्या देशापुरते पाहिले, तर नवी दिल्लीच्या एम्सने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेतलेल्या भारतीयांची संख्या सुमारे 3 कोटी 10 लाख होती. 1985 च्या कायद्याने गांजा व चरस निषिद्ध केला. फुलोरा नसलेली पाने त्या व्याख्येतून वगळल्यामुळे भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली. आणि वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगासाठी परवाना देण्याची वाट त्याच कायद्यात मोकळी ठेवली आहे. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मादक द्रव्य आयोगाने 27 विरुद्ध 25 मतांनी गांजाला अत्यंत घातक द्रव्यांच्या यादीतून काढले, तेव्हा भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. ज्या देशाच्या एका शहरात या संशोधनाचा आरंभ झाला त्याने आपल्या रुग्णालयांतून, आपल्या रोग्यांवर, आपल्या बाजारातील द्रव्ये मोजून प्रयोग करावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

तोवर ज्यांच्या घरी फिट येणारे मूल आहे, अथवा कर्करोगाचे दुखणे आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. कोणी स्नेह्याने सांगितले म्हणून अशा तेलाची कुपी घरात आली असेल, तर भीतीने वा संकोचाने ती लपवू नका. पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे जाताना ती पिशवीत घाला, किती थेंब दिले ते खरे सांगा, आणि त्यांना विचारल्यावाचून चालू औषधाची एकही गोळी कमी करू नका.